बावन्न दाणे

आमच्या बर्बिस नदीकाठच्या कॉफीच्या मळ्यावर आम्ही गुलाम होतो; अमिम्बा मालकाचे कपडे धुवायची. जीभ तिखट, पण कायद्यावर भाबडा विश्वास. मुकादमाने चाबूक उचलला की म्हणायची, "एकोणचाळीसच्या वर एक जरी मारलास तर याद राख! राजाचा कायदा आहे."

"राजा येणारे होय गं तुझी पाठ बघायला?" तो हसायचा.

एकदा तिच्या हातून मालकाचा सदरा जळला. तिला खुंट्यांना बांधलं. आम्ही बाया मार मोजायचो तो दाण्यांनी. दर फटक्याला मी तुंब्यात कॉफीचा एक दाणा टाकत गेले. बावन्न भरले.

पाठ जरा सुकल्यावर ती तुंबा घेऊन साहेबाकडे निघाली. गुलामांच्या तक्रारी ऐकायला सरकारने त्याला नेमलं होतं.

"अगं, तक्रार खोटी ठरली तर तिथेच फोडून काढतात," मी म्हटलं. पण ऐकेल तर ती अमिम्बा कसली! शेवटी मीही सोबत गेले.

"एकोणचाळीसच मारले," मळ्याच्या मॅनेजरने साहेबासमोर सांगितलं. गोऱ्याच्या शब्दापुढे दाण्यांची कसली साक्ष! तक्रार खोटी ठरली.

मग साहेबाने तुंबा टेबलावर उपडा केला आणि दाणा न् दाणा मोजला.

"बावन्न. बरोबर आहेत," तो म्हणाला. "कॉफी कुणाची?"

"मालकांची," अमिम्बा म्हणाली.

मारासाठी न चाललेली साक्ष चोरीसाठी चालली. साहेबाने लेखणी शाईत बुडवली.

"आणि हे दाणे तुंब्यात टाकले कुणी?"

अमिम्बाची जीभ पहिल्यांदाच गप्प राहिली. मॅनेजर माझ्याकडे बघत होता.