ओला दोर

माझ्या तातांच्या, म्हणजे वडिलांच्या, तोंडात तीळ भिजत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं सगळं खापर अमेरिकनांच्या डोक्यावर फुटायला नको. त्यांच्या डोक्यावर फोडायला इतर पुष्कळ आहे.

ताता जन्मले तेव्हा कॅलिफोर्नियात स्पेनच्या राजाचा झेंडा होता. पंचविशी उलटल्यावर एक शिपाई येऊन सांगून गेला, आता आपण मेक्सिकोचे. तातांनी टोपी काढून नव्या झेंड्याला सलाम केला आणि परत गुरांमागे गेले. मग पाद्र्यांचे मठ मोडले, सरकार जमिनी वाटायला लागलं, आणि १८३९ साली इलारियो मालकांना आमच्या खोऱ्यात जमीन मिळाली. दोन कोस लांब, एक कोस रुंद, असं हुकमात लिहिलेलं. नाझारियो ओल्गीन, म्हणजे आमचे ताता, त्यांचे गुराखी. घोड्यावर असेपर्यंत माणूस बरा, खाली उतरला की बडबड सुरू.

मोजणी आमच्याकडे घोड्यावरूनच होई. पन्नास वार लांब कच्च्या चामड्याचा दोर, दोन टोकांना दोन काठ्या आणि दोन स्वार. एकानं काठी रोवून थांबायचं, दुसऱ्यानं दोर ताठ होईपर्यंत घोडा दामटायचा आणि आपली काठी रोवायची, मग मागच्यानं पुढे निघायचं. एक टोक तातांच्या हाती होतं. सकाळी गवत घोड्याच्या छातीइतकं आणि दवानं चिंब. त्यातून ओढून ओढून दोर भिजला, आणि भिजलेलं चामडं लांबतं. दुपारी ऊन तापलं तसा तो चांगला दोन हात आखडला. तातांनी तसं सांगितलं, तर मालक म्हणाले, "मग ओढ्यात बुडव ना, गाढवा." तातांनी बुडवला. न्यायाधीश स्वतः हजर होते, तेही पोट धरून हसले. दिवसभर घोडा पळवला तरी माणूस दिसत नाही असा मुलूख. दोन हातांचं कोण विचारणार होतं?

संध्याकाळी ओढ्याकाठी शेवटची काठी रोवली गेली. न्यायाधीशांनी मूठभर गवत उपटून मालकांच्या हातात ठेवलं, मालकांनी ते उधळलं, चार दिशांना चार दगड फेकले. असं केल्याशिवाय आमच्यात जमीन कुणाची होत नाही. मालक खुशीत होते. तातांना म्हणाले, तुझी काठी जिथे उभी आहे तिथे घर बांध, ती जागा तुझी. कागद नाही, काही नाही. त्या जागी आमचं मातीचं घर उभं राहिलं, दारात अंजीर लावला, मागे द्राक्षाचे चार वेल. मी तेव्हा सात वर्षांची. आई पुढे त्याच घरात वारली.

आणि ओल्या दोराची गोष्ट तातांची झाली. लग्न असो, बारसं असो, नाच थांबला की लोक म्हणत, नाझारियो, दोर होऊन जाऊ दे. मग ताता उठून मालकांचा आवाज काढत, आपला काढत, घोड्याचासुद्धा काढत. मी ती गोष्ट दोनशे वेळा ऐकली असेल. मालक दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

मालक वारले. पाठोपाठ अमेरिकन सैन्य आलं. दोन वर्षांनी डोंगरात सोनं सापडलं आणि आमचे निम्मे गुराखी रातोरात पळाले. १८५० साली म्हणे आमचं अमेरिकेतलं एक राज्य झालं, तिकडे बंदरावर तोफा उडाल्या. आम्हाला कळलं ते महिन्यानं, एका साबण विकणाऱ्याकडून. मग नवा कायदा आला, जमीन तुमची असेल तर सान फ्रान्सिस्कोत बसलेल्या सरकारी साहेबांपुढे सिद्ध करा. तोवर ओढ्यापलीकडे अमेरिकनांचे तंबू पडले होते. त्यांचा वकील म्हणत होता, मालकांनी हुकमाहून जास्त जमीन मोजून घेतली. जास्तीची निघाली तर ती सरकारची, आणि सरकारची म्हणजे जो बसेल त्याची. मोजणी संपली त्या टोकाकडून ती कापणार होते. त्या टोकाला आमचं घर होतं.

मोजणीतलं जिवंत माणूस एकच उरलं होतं. मालकीणबाईंनी तातांना बोलावलं.

"नाझारियो, दोर सुका होता. एवढं एकच वाक्य. दुसरा शब्द नको."

ताता म्हणाले, खोटी शपथ होईल. मालकीणबाई म्हणाल्या, पाद्र्याकडे कबुली देऊन टाक, मी मेणबत्त्या लावते. सान फ्रान्सिस्कोला जाताना दोन दिवस मी गाडीत तातांकडून घोकून घेतलं. दोर कसा होता? सुका. दव होतं? आठवत नाही. पोपटासारखे तयार झाले होते हो.

तंबूवाल्यांचा वकील आडदांड असता तर बरं झालं असतं. हा अगदी सभ्य माणूस निघाला. तातांना खुर्ची दिली, पाणी दिलं. दुभाष्याला हळू काहीतरी म्हणाला, आणि दुभाषा तातांकडे वळला.

"वकीलसाहेब म्हणतात, त्या मोजणीची गोष्ट तुमच्यासारखी कुणाला सांगता येत नाही, असं सगळं खोरं म्हणतं. त्यांना ऐकायचीय."

पाच-सहा वर्षांत तातांना ती गोष्ट कुणी विचारली नव्हती. नाच बंद पडले होते, हसणारे मेले होते. ताता खुर्चीवरून उठले. मी खोकले. मालकीणबाईंचा पंखा थांबला. तातांनी दवापासून सुरुवात केली. मालकांचा आवाज काढला, घोड्याचा काढला. मी परत खोकले, त्यांचं लक्ष कुठे. "मग ओढ्यात बुडव ना, गाढवा" इथे आल्यावर तर दुभाष्याला हसू आवरेना, आणि त्यानं सांगितल्यावर समोर बसलेले सरकारी साहेबही हसले. ताताही हसले. मग त्यांना कारकुनाची लेखणी दिसली.

दुभाष्यानं विचारलं, "म्हणजे दोर ओला होता?"

तातांनी माझ्याकडे पाहिलं. "सुका होता," ते म्हणाले. फार हळू म्हणाले. लोक परत हसले.

मला त्यांचा इतका राग आला होता की गळा धरावा, आणि इतकी कीव आली की तिथंच रडावं. मालकीणबाई मात्र मनाला लागेल असं काही बोलल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "माझा नवरा किती हसायचा रे त्या गोष्टीला."

जमीन मालकीणबाईंची, पण हुकमात आहे तेवढीच आणि नव्यानं मोजून, असा निकाल लागला. मोजणीदार यायला चार वर्षं गेली. तो लोखंडी साखळी घेऊन आला. ताता दिवसभर त्याच्या मागे चालले. ही दवानं लांबते का, असं त्यांनी हातवारे करून विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. साखळी संपली ती आमच्या अंजिराच्या चारशे वार अलीकडे.

घर ज्याच्या वाट्याला गेलं तो तिकडे पूर्वेच्या मिझुरीहून आलेला, बायको, तीन पोरं. वाईट माणूस नव्हता. द्राक्षं उतरेपर्यंत राहा म्हणाला. राहिलो. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरलं, तो आपला घोडा धरून दारात उभा होता. त्यानं काय केलं होतं, तर अंजिराला आपल्या नावाची पाटी ठोकली होती. तातांना ते काही पटेना. जमीन अशी घेतात का, म्हणून स्वतःशीच पुटपुटत ते खाली वाकले, दारातलं मूठभर गवत मुळासकट उपटलं आणि टोपी काढून त्या माणसाच्या हातात ठेवलं.

त्या माणसानं गवताकडे पाहिलं, तातांकडे पाहिलं. मग मान तुकवून आभार मानले आणि ते घोड्याला खायला घातलं.