आवाज न करता उडी

बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात उड्यांच्या खेळासाठी अंथरलेल्या नव्या रबरी चटयांचा वास आला आणि मी पूर्वी शिकवायचे ती भुकूमची जुनी बालवाडी आठवली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्यांना जाळ्या. मुलं जरा नाचली की खालचे आजोबा काठीने छत ठोकायचे. संचालिकाबाई बजावायच्या, "बसवूनच शिकवा, नाहीतर जागा जाईल."

एकदा 'ब बेडकाचा' शिकवताना चिमुरड्या सनाने विचारलं, "बाई, बेडूक असा बसूनच ऱ्हातो व्हय?"

मला राहवेना. "मारा उडी," मी कुजबुजले.

सगळी उडाली आणि ओठ घट्ट मिटून, चवड्यांवर अलगद उतरली. खालून ठोका आला नाही. तेव्हा मला त्यांचं केवढं कौतुक वाटलं होतं! आज वाटतं, एवढ्याशा मुलांना चोरून उडी मारता यायला नको होती.