आधी भाकरी सारख्या थापा

मुखेडजवळच्या आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. वाढताना त्या प्रत्येक पळी बोटानं सपाट करायच्या. कुणाच्या ताटात शीतभरही कमी-जास्त नको.

मीही तिथंच मास्तर. त्या दिवशी गणिताच्या सरांनी फळ्यावर दोन भाकरी काढल्या. एकीचे तीन वाटे केले, दुसरीचे चार. "एक छेद तीन मोठा की एक छेद चार?" चित्रातला मोठा तुकडा बघून एक पोरगी म्हणाली, "एक छेद चार." सरांनी तिच्या वहीत लाल फुली मारली, वर तिला बिनडोक म्हणाले.

मावशी दारातूनच कडाडल्या, "तिचं काय चुकलं, सर? तीन वाट्याची भाकर इवल्याशा चानकीएवढी काढली अन् चार वाट्याची परातीएवढी! आधी भाकरी सारख्या थापा, मंग लेकरांला बिनडोक म्हणा!"

"तुम्ही खिचडी बघा," सर म्हणाले.

आठवलं की अजून डोकं भणाणतं. मी डी.एड. झालेला माणूस, त्याच वर्गात मागं बसलो होतो. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? सरांनी गुपचूप फळा पुसून दोन सारख्या भाकरी काढल्या. पोरीच्या वहीतली फुली मात्र तशीच राहिली.