दोन्या मेल्बा बसायच्या तिथून

आमच्या मानाग्वा शहरात नव्याने येणाऱ्याला मी एवढंच सांगतो: डावं-उजवं विसरा आणि घराचा नंबर विचारू नका. तळं कुठल्या बाजूला ते बघा. सूर्य उगवतो ते ‘वर’, मावळतो ते ‘खाली’. मग एखादी खूण धरा आणि चौक मोजा. खूण जागेवर असलीच पाहिजे असं नाही. बहात्तरच्या भूकंपात पडलेल्या थिएटरपासून पलीकडची वस्ती अजून पत्ता सांगते. पडलेल्या गोष्टींवर आमचा भरवसा जास्त, कारण त्या जागा बदलत नाहीत.

आमच्या गल्लीची खूण मात्र चालती-बोलती होती. दोन्या मेल्बा, म्हणजे मेल्बाबाई, एकेचाळीस वर्षं कोपऱ्यावर विगोरोन विकायच्या. केळीच्या पानावर उकडलेला कसावा, त्यावर डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे आणि वर कोबीची कोशिंबीर. खरं सांगायचं तर कोशिंबिरीत व्हिनेगर नेहमी जास्त. पण टपालवाला, दाई, पोरी बघायला येणारे, सगळे मेल्बापासून चौक मोजत यायचे. माझं चपला दुरुस्तीचं दुकानही ‘मेल्बापासून दोन चौक तळ्याकडे, एक वर’.

फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी इवानिया म्हणाली, “आई, पुरे झालं. मी कमावते ना?” मेल्बांनी टोपली पलंगाखाली सरकवली. कोपऱ्यालगतच्या घराच्या दारात त्या खुर्ची टाकून बसू लागल्या. पुढे पुढे ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं.

एक दिवस इवानिया दुकानात येऊन रडली. “आबेलकाका, ती काही मागतच नाही हो. भांडतसुद्धा नाही. अशी किती दिवस राहील?”

मेल्बा भांडत नाहीत म्हटल्यावर कोपऱ्याबरोबर बाईही आमच्या हातची जाणार, असं मला वाटलं.

आणि तरी मी एक चूक केलीच. मे महिन्यात माझी दुकानावरची खोली चिलीच्या एका तरुणाने भाड्याने घेतली. त्याला फोनवर पत्ता सांगितला: “दोन्या मेल्बा बसायच्या तिथून दोन चौक तळ्याकडे, एक वर.” कोपरा रिकामा होता, म्हणून तसं बोललो. मनात वाईट काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मेल्बा उभ्या. तसल्या गुडघ्यांनी तीन चौक चालून आलेल्या, आणि हातात त्या पाहुण्याच्या पिशवीचा पट्टा.

“विचार याला, मला काय म्हणाला.”

पाहुणा लाल झाला. “मी फक्त विचारलं, दोन्या मेल्बा कुठे बसायच्या.”

“आणि टोपी काढलीस, ते सांग की.”

“काढली. मला वाटलं, त्या वारल्या.”

“मीही विचारलं, कशी होती रे बाई? तर म्हणतो, मोठी असणार, सगळी गल्ली तिच्यापासून मोजतात.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आबेल, मला त्या थिएटरच्या पंगतीला बसवलंस होय? निदान भूकंपाची तरी वाट बघायचीस.”

“चुकलं, दोन्या मेल्बा.”

“उचलली जीभ, लावली टाळ्याला. सरक, बसू दे.”

मी पाणी दिलं. त्या ते पिऊन धापा टाकत बसल्या. त्यांना इतकं बोलताना मी तीन महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि शिव्या खाऊनही मला बरं वाटत होतं. थोड्या वेळाने त्यांनी पाहुण्याला विचारलं, “जेवलास का?”

“नाही अजून.”

मी त्याला एका खानावळीचा पत्ता सांगू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पत्ता अर्धाच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवानियाने एक उंच खुर्ची कोपऱ्यावर नेऊन ठेवली, उठाबशा नकोत म्हणून. तोंड फुगलेलं होतं, तरी कोबी तीच चिरत होती. दुपारी बारापर्यंतच विकायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं. पाहुण्याला पहिलं पान मिळालं, मला दुसरं. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं.

“दोन्या मेल्बा, व्हिनेगर जरा जास्त झालं.”

“मेलेल्या बाईच्या हातचं खातोयस,” त्या पान पुसत म्हणाल्या, “गुमान खा.”