दीड एकराची अट

नांदूरघाटच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. या धंद्यात माणूस दुसऱ्याचं सगळं वाचतो आणि तोंड मिटून बसतो. कुणाचा सातबारा कुणाच्या नावावर गेला, वारसांत कोण लागलं आणि कोण गळालं, मला सगळं ठाऊक असतं. मी बोलत नाही. वत्सलाआक्काचं मात्र सांगतो, कारण तिच्याबद्दल गावात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे.

आक्का म्हणजे आमच्या गावातल्या मोहनरावांची धाकटी बहीण. शिरूर कासारला दिली होती. नवरा ऊसतोडीला जायचा, तीही कोयता घेऊन बरोबर जायची. एका हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि नवरा खाली सापडला. लेकरूबाळ नव्हतं. सासरच्यांनी महिनाभर ठेवून घेतली आणि मग भावाला निरोप धाडला. मोहनरावांनी तिला आणली, शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या शेजारी पत्र्याच्या दोन खोल्या दिल्या, वर्षाचं धान्य दिलं, कधी उपाशी ठेवलं नाही. हे सांगितलंच पाहिजे. पण बाप वारला तेव्हा तलाठ्याकडं वारस म्हणून एकच नाव गेलं, मोहनरावांचं. बहिणीला कुणी विचारलं नाही, तिनंही विचारलं नाही. भावाच्या पत्र्याखाली राहून वाटा मागायला छाती लागते.

सातवी शिकलेली. बायकांच्या बचत गटात लिहिता-वाचता येणारी तीच, म्हणून सचिव झाली. गटाच्या कामासाठी तालुक्याला, केजच्या सरकारी ऑफिसात जाता-येता तिला भिंतीवरचे कागद वाचायची सवय लागली. शेळ्यांसाठी अमुक, ठिबकला तमुक, कडबा कापायच्या यंत्राला अर्धं सरकारचं. गावात हे कुणी वाचत नव्हतं. पुढारी सांगतील तेवढंच लोकांना कळायचं, आणि पुढारी आपल्या भावकीच्या बाहेर कशाला सांगतात? आक्का सगळ्यांना सांगायला लागली. आधी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या ओट्यावर बसून अर्ज भरायची. पण सोसायटीचा सभासद व्हायला स्वतःच्या नावची जमीन लागते, आणि बिनसभासद बाई ओट्यावर बसलेली चेअरमनला खुपली. ती उठली आणि माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसली. मला काय, झेरॉक्स वाढल्या.

तिची एक पद्धत होती. दसऱ्याच्या आधी सगळे अर्ज भरून मोकळं व्हायचं, कारण दसरा झाला की मुकादम टोळ्या घेऊन निघतात आणि निम्मं गाव कोल्हापूर-सांगलीकडं उसाच्या फडात असतं. निवड झाल्याचा मेसेज येतो तो नेमका तेव्हा, आणि दहा-पंधरा दिवसांत कागद दिले नाहीत तर नंबर जातो. तिकडं गेल्यावर लोक सिम बदलतात. म्हणून आक्कानं अर्जावर माझा नंबर टाकायला सुरुवात केली, मला न विचारता. चाळीस जणांच्या अर्जावर माझा नंबर. सरकारच्या लेखी मी चाळीस शेतकरी होतो. मेसेज आला की ती फडावरच्या माणसाला निरोप धाडायची आणि इकडं घरच्यांकडून कागद गोळा करायची.

एक गोष्ट ती प्रत्येकाला बजावायची, की मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय कुदळ लावू नका. शेततळ्याचा अर्ज केलेल्या बद्रीनाथनं ऐकलं नाही. शेजारच्या रानात खोदायचं मशीन आलंच आहे, म्हणून त्यानं शेततळं खोदून घेतलं. पत्र आलं महिन्यानं, साहेब आला, खड्डा बघितला आणि मंजुरी रद्द करून गेला. बद्रीनाथ माझ्या बाकावर बसून दिवसभर सरकारला शिव्या देत होता. आक्का म्हणाली, "सरकारला कशाला शिव्या देतो रं, मी काय भिंतीशी बोलत होते का?"

इतक्या लोकांना मिळवून दिलं, स्वतःला काही नाही. जमीनच नाही तर शेतकरी कुठली?

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. जनावरं छावणीत आणि गावाला टँकर. मोहनरावांना एक शेततळं आधीच मिळालं होतं, त्यांना दुसरं पाहिजे होतं. मोसंबी लावली होती ना. पण एका खातेदाराला एकच. बायको गीताबाई, तिच्या नावावर जमीन करायची तर सासुरवाडीचे मेहुणे हात घालतील अशी त्यांना भीती. तेव्हा त्यांना बहीण आठवली.

माझ्या दुकानातच म्हणाले, "वच्छे, वढ्याकडचं दीड एकर तुझ्या नावावर टाकू. तळं मंजूर झालं की परत माझ्या नावावर घेऊ. नुसतं नावाला."

आक्का अर्ज लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "टाक की दादा."

ज्यानं बहिणीचं नाव गाळलं होतं, तोच भाऊ मग तलाठ्याला चहा पाजून ते नाव वारसात घालून आला. माझं तर हसू आवरेना. बाकीचं आक्कानं केलं, आणि असं केलं की त्यात कुठं बोट घालायला जागा राहू नये. तहसीलमधून वाटणी, मोजणी, चारी कोपऱ्यांना दगड. मोहनराव वैतागले. "एवढं सगळं कशाला लागतंय?" ती म्हणाली, "अर्जाला लागतं." अर्जाला त्यातलं निम्मंच लागत होतं. मोजणीचा दगड कुठल्याच अर्जाला लागत नाही.

वेगळा सातबारा आला त्या दिवशी तिनं तीन प्रती काढायला सांगितल्या. पहिली मशीनमधून निघाली ती गरमच तिच्या हातात दिली. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली. मग एकदम म्हणाली, "तिरंबक, मला भ्या वाटायलंय. हे परत द्यायचं म्हणलं तर माझ्याच्यानं व्हणार न्हाई." आणि पदर तोंडाला लावून रडली. मी मशीनचं झाकण पुसत बसलो. दुसरं काय करणार?

पुढच्याच आठवड्यात ती सोसायटीची सभासद झाली. तळं मंजूर झालं, खोदलं, तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला, साहेब येऊन फोटो काढून गेले. मोहनराव म्हणाले, आता नाव फिरवू. आक्का शांतपणे म्हणाली, "सात वर्षं नाव बदलता येत न्हाई दादा. अट हाय."

शेततळ्याच्या योजनेच्या परिपत्रकाची झेरॉक्स मीच काढली होती. पुढून-मागून आठ पानं. असली अट त्यात कुठंच नव्हती. मी आक्काकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मी पुढच्या झेरॉक्सला लागलो. सरकारच्या लेखी मी चाळीस शेतकरी, पण मला कोण विचारतंय.

मोहनरावांनी मानलं. आयुष्यभर त्यांचे कागद तीच करत होती, तिच्यावर अविश्वास ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. आक्कानं बांधाच्या आत सीताफळाची दीडशे झाडं लावली. वर्षभर घागरीनं पाणी घालून जगवली. आखाड्यावरच्या खोल्या सोडून आपल्या दीड एकरात एक खोली बांधली, पत्र्याचीच, पण दार तिच्या मनाप्रमाणं पूर्वेला. कुणी विचारलं की "कुठं निघालीस," तर म्हणायची, "रानात." आधी म्हणायची, "दादाच्या रानात."

तीन वर्षं बरी गेली. मग पुन्हा पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या. मोहनरावांचं तळं उन्हाळ्याच्या तोंडालाच आटलं, कारण मोसंबीला पाणी लई. आक्काच्या तळ्यात पुरुषभर पाणी होतं, सीताफळाला लागतं तरी किती. त्यातच मोहनरावांच्या दोघा पोरांनी वाटण्या मागितल्या. दोघांनाही वढ्याकडचा तुकडा पाहिजे, कारण पाणी तिथंच. मोहनराव म्हणत, सात वर्षांची अट आहे. पोरं म्हणाली, दाखवा बरं कुठं आहे. मोठा पोरगा शिकलेला. त्यानं बापाला मोटारसायकलवर बसवलं आणि केजच्या ऑफिसात नेलं.

परत आले ते सरळ माझ्या दुकानावर. दुपारी दोनची वेळ, रस्ता नुसता तापलेला. पोरगा गाडीपाशीच थांबला. आक्का बाकावर सुंदरबाई नावाच्या एका बाईचा शेळ्यांचा अर्ज भरत होती. मोहनरावांच्या हातात परिपत्रक होतं. त्यांनी ते बाकावर ठेवलं.

"दाखव, कुठं हाय अट."

आक्कानं चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचायला लागली. पान उलटायची, मागची बाजू वाचायची, पुढचं घ्यायची. सुंदरबाईनं उठायचं केलं तर तिला हातानं बसवलं. आठही पानं वाचून झाल्यावर तिनं ती नीट जुळवली आणि भावाच्या हातात दिली.

"ह्यात न्हाई."

"मग कुठं हाय?"

"ती सरकारची न्हाई दादा. माझी हाय."

मोहनरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काचेवरचा धूळ बसलेला दर वाचत होतो. ते म्हणाले, "तुला घरात घेतलं, खायला घातलं, त्याचं हे फळ व्हय वच्छे?"

"तू सांभाळलंस हे मी मरेपर्यंत इसरणार न्हाई," आक्का म्हणाली. तिनं डोळे खाली घातले नाहीत. "पण बापाचं नऊ एकर होतं, दादा. माझ्या नावावर दीड हाय. उरलेलं मी मागितलं का? मागणार बी न्हाई. एवढं मातर देणार न्हाई."

पोरगा गाडीपासून ओरडला, "चला आबा, कोर्टात बघू."

मोहनरावांनी त्याला हातानं गप्प केलं. परिपत्रकाची सुरळी केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मोसंबी जळायली वच्छे. दोनशे झाडं हायेत."

"मग पानी ने की. मी कवा न्हाई म्हणले? माझ्या झाडांपुरतं ठेव, बाकीचं ने." तिनं पेन उचललं. "फकस्त इचारून ने."

ती सुंदरबाईकडं वळली आणि तिच्या पासबुकाचा नंबर विचारला.

कोर्टात कुणी गेलं नाही. त्या उन्हाळ्यात दर चार दिवसांनी सकाळी मोहनराव माझ्या दुकानावर यायचे, आक्का बाकावर असायची. ते बाजूला बसायचे, चहा व्हायचा, आणि मग विचारायचे, "आज तळ्याला मोटार लावू का?" ती हो म्हणायची. एकदाही नाही म्हणाली नाही, आणि ते एकदाही न विचारता गेले नाहीत.