खंडेनवमीच्या प्लेटा

मालिनीताई जंतू मोजायच्या आणि मोजता मोजता कुठल्या कुठे निघून जायच्या. उल्हासनगरच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या मदतनीस म्हणून तीस वर्षं काढली, तरी काचेच्या प्लेटवर फुटलेले पांढरे ठिपके दिसले की त्यांना पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटे. कात्रपच्या घरी डोळे मिटले तरी ते उमलतच राहत.

शलाका त्याच कॉलेजात पीएचडी करत होती. जंतूंना विषारी रसायन द्यायचं, निम्म्या प्लेटा तारेच्या कॉईलमध्ये ठेवायच्या, घरातल्या विजेचाच मंद चुंबकीय प्रभाव द्यायचा आणि बघायचं, रसायनानं होणारे बदल त्यामुळे वाढतात का. एकेक ठिपका म्हणजे बदललेल्या एका जंतूचं अख्खं खानदान. तीन वर्षं कॉईलमध्ये ठिपके जास्तच निघत होते. प्रबंध झाल्यातच जमा होता.

आणि मालिनीताईंनी घोळ घातला. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. नवरा अंबरनाथला फिटर. पूजलेल्या मशीनला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, ही घरची रीत. आता प्लेटांची उबेची पेटी बंद केली तर त्यात नुकतेच ठेवलेले जंतू गारठतील, म्हणून ती राहू दिली. कॉईलचं बटण तेवढं बंद केलं. दसऱ्याची सुट्टी संपवून येऊन बघतात तर बटण अजून बंदच.

मुकाट्यानं मोजायला बसल्या. बाहेरच्या प्लेटांवर शंभराच्या आसपास, कॉईलमधल्यांवर दीडशे. नेहमीसारखंच. म्हणजे चुंबकाचं काही नव्हतंच. कॉईल कायम पेटीच्या वरच्या कप्प्यात असायची. तो कप्पाच जरा जास्त गरम असेल आणि उबेनंच ठिपके वाढत असतील, देव जाणे.

शलाकानं आकडे बघितले आणि खुशीत म्हणाली, "बघा मावशी, परत तेच."

गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. पोरीवर जीव होता त्यांचा.

"कॉईल बंद होती गं," त्या म्हणाल्या. "पूजेसाठी मीच बंद केली."

शलाकानं आकडे परत एकदा बघितले. मग अगदी हळू म्हणाली, "चालू होती असं लिहा ना."

मालिनीताईंना रडू फुटलं. तरी नोंदींची वही त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "मी नाही लिहायची. तुला लिहायचं तर तू लिही."

शलाकानं पेन उचललं. मग तिनं 'कॉईल बंद' असं लिहिलं, मागची पानं उलटली आणि तीन वर्षांच्या प्रत्येक आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढत गेली.