रुम्यानाचा आवाज बसला तो दिवस

आमच्या प्लोवदिव शहरात रुम्याना पेत्कोवाला न ओळखणारा माणूस सापडेलही, पण तिचा आवाज न ऐकलेला सापडायचा नाही. पाहुण्यांची टोळी घेऊन ती जुन्या गावाच्या चढावर बोलायला लागली की खालच्या चौकात चेरी विकणारी बाई म्हणायची, "निघाली हो रुम्याना! आता घटकाभरात सगळे तहानेले खाली येतील, चांगल्या चेरी वर काढा."

मी स्तामेन, तिच्या सहलींच्या बसचा ड्रायव्हर. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणतो. ती मला काय काय म्हणते ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही.

तिचा बाप तंबाखूच्या गोदामात हमाल होता. पोरीला मात्र नटी व्हायचं होतं. शहरातल्या नाटक मंडळीत गेली, दिग्दर्शकाने तिला स्टेजवर चालायला लावलं आणि म्हणाला, "पोरी, तुझा आवाज सोन्यासारखा आहे, पण तू पत्रं वाटायला निघाल्यासारखी चालतेस." नटी म्हणून घेतलं नाही, प्रॉम्प्टर म्हणून घेतलं. स्टेजखालच्या खुराड्यात बसायचं आणि विसरलेली वाक्यं नटांना कुजबुजून सांगायची. पुरती वीस वर्षं तिने ते केलं. ती सांगते, "मला नटांचे फक्त पाय दिसायचे. अजूनही माणूस मी आधी बुटांवरून ओळखते." पुढे प्रॉम्प्टर ठेवायची पद्धतच गेली. त्याच सुमारास तिचा नवरा स्ट्रॉबेरी खुडायला म्हणून स्पेनला गेला आणि तिकडेच रमला. ताई रडत बसली नाही. गाईडची परीक्षा दिली, छत्री उंच धरली आणि बोलायला लागली. इतकी वर्षं कुजबुज केलेली बाई ती. आत साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

तर त्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे मोल्दोवातल्या ताराक्लियाची मंडळी आली. त्यांचे खापरपणजोबा दोनशे वर्षांपूर्वी आमच्याच मुलखातून बैलगाड्या जुंपून तिकडे गेलेले. भाषा आमचीच बोलतात, पण आमच्या आज्या बोलायच्या तशी. ऐकताना वाटायचं, स्वयंपाकघरातून कुणीतरी आता भाकरी खायला हाक मारणार. सगळी म्हातारी माणसं. बसमधून उतरायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात चर्चमधलं एक लग्न उरकलं असतं.

त्यांच्यात झाखारी आजोबा होते. द्राक्षमळेवाले, हातात काठी, कान सुपाएवढे. आठवडाभर त्यांना काही म्हणून पसंत पडलं नाही. मठ दाखवला, तर म्हणाले, "थंडी फार." गुलाबाचं खोरं दाखवलं, तर म्हणाले, "एवढ्या जमिनीत द्राक्षं लावली असती." डोंगर बघून म्हणाले, "माती दिसत नाही कुठे. आमचे म्हातारे निघून गेले ते बरंच झालं." आणि वार्वारा आजी होत्या. लहानखुऱ्या, गोलमटोल, सतत गाणाऱ्या. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी परतताना त्यांनी बसमध्ये गाण्यांची चढाओढ लावली. उजवीकडचे विरुद्ध डावीकडचे. ताई आधी पंच होती, मग डावीकडून गायला लागली, मग डावी बाजू हरतेय म्हटल्यावर ओरडायलाच लागली. खिडक्या उघड्या, वर थंडगार ताकाचे दोन पेले.

सकाळी हॉटेलच्या दारात आली तेव्हा गळ्याला लोकरी मफलर. मी म्हटलं, "काय ताई, मे महिन्यात?"

तिने तोंड उघडलं. बाहेर आली ती फक्त हवा.

"अगं बाई!" वार्वारा आजी म्हणाल्या. "घसा बसला हिचा!"

"बसला नाही, निजला," झाखारी आजोबा म्हणाले. "आठ दिवसांत पहिल्यांदाच मला स्वतःचं बोलणं ऐकू येतंय."

सगळे हसले. ताईने त्यांच्यावर छत्री उगारली. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. पाहुण्यांना आपलं गाव दाखवायचं ते तिने शेवटच्या दिवसासाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं, आणि त्याच दिवशी गळा दगा देत होता. मला बाजूला ओढून ती कुजबुजली, "तू बोल."

"मी? ताई, मी बस चालवतो."

"इतकी वर्षं ऐकतोयस ना? बोल."

ऐकत होतो, खोटं नाही. पण रेडिओ ऐकतात तसं. तरी छत्री माझ्या हातात आली आणि आम्ही चढ चढलो. बाहेर झुकलेल्या लाकडी माडीच्या एका घरासमोर मी उभा राहिलो. "हे घर," मी म्हटलं, "जुनं आहे." सगळे वाट बघत होते. "एका व्यापाऱ्याचं. तो... व्यापार करायचा."

"कशाचा?" झाखारी आजोबांनी विचारलं.

मला काही आठवेना. "घोड्यांचा," मी ठोकून दिलं. पाठीत ताईचं कोपर बसलं. "म्हणजे लोकरीचा. घोड्यांवरून."

पुढच्या चौकात मी एका चर्चला मशीद म्हटलं आणि एका हातगाडीवाल्याने आपणहून माझी चूक सुधारली. ताईने डोळ्यांवर हात ठेवला. म्हाताऱ्या मात्र खूष होत्या. त्यांना इतिहासापेक्षा माझी फजिती जास्त आवडली. "घोडेवाले, पुढे काय?" असं प्रत्येक वळणावर विचारत होत्या.

असं करत आम्ही रोमन नाट्यगृहाशी पोचलो. टेकडीच्या कुशीतल्या दगडी पायऱ्यांची उतरण, खाली स्टेज, मागे संगमरवरी खांब, आणि पलीकडे निळे रोदोपी डोंगर. मंडळी गुडघे धरत, एकमेकांना शिव्या देत पायऱ्यांवर बसली. झाखारी आजोबा हट्टाने सगळ्यात वर जाऊन बसले. मी खाली स्टेजवर. ताई माझ्यामागे एका खांबाच्या आडोशाला उभी राहिली, म्हणजे मी अडलो की तिला सांगता यावं.

"हे नाट्यगृह," मी मोठ्याने म्हटलं, "रोमन लोकांनी बांधलं. दगडाचं आहे." मग गाडी अडली.

मागून कुजबुज आली, "शेकडो वर्षं ते मातीखाली होतं."

"शेकडो वर्षं ते मातीखाली होतं!" मी ओरडलो.

"वर लोकांनी घरं बांधली, परसात कांदे लावले."

"वर लोकांनी घरं बांधली, कांद्यात..."

"ए घोडेवाल्या!" वरून झाखारी आजोबा कडाडले. काठी आपटली. "गप्प बस! तुझ्यामुळे तिचं नीट ऐकू येत नाही!"

मी वर बघतच राहिलो. "तुम्हाला तिथे ऐकू येतंय?"

"शब्दन् शब्द. तू तेवढा मधे मधे रेकतोयस."

खांबामागे ताई थिजल्यासारखी उभी होती. हे तिचं जुनं काम. नटाच्या कानात पडावं, पण लोकांना कळू नये, असं बोलायला ती शिकली होती. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, सुईसारखं, आणि इथले दगड ते थेट वरच्या पायरीपर्यंत पोचवत होते. फक्त आजवर ते कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. मी छत्री मिटली आणि बाजूला झालो. "ये ताई. पुढे ये."

ती मान हलवत राहिली. मग वार्वारा आजी म्हणाल्या, "ये गं पोरी. आम्ही खोकणारसुद्धा नाही."

ती आली. पत्रं वाटायला आल्यासारखीच चालत आली, आणि स्टेजच्या मधोमध उभी राहून कुजबुजत सांगू लागली. दरड कशी कोसळली आणि मातीतून खांब कसे डोकावले. खोदताना बायका कशा घरून जेवणाचे डबे आणायच्या. मग तिने पायऱ्यांवरची कोरलेली अक्षरं दाखवली. शहरातल्या कुठल्या आळीने कुठे बसायचं ते तिथे लिहिलेलं आहे. आठ दिवस एक क्षण गप्प न बसलेली ती माणसं अशी बसली होती की टेकडीखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाड्यांची घरघर कळत होती. आमच्याशी संबंध नसलेले काही जर्मन पाहुणे आत आले आणि तेही हळूच बसले, अवाक्षर कळत नसताना.

वार्वारा आजींनी बोटाने दगड चाचपला. "मग ताराक्लियाची आळी कुठली गं?"

ताई त्यांच्याकडे बघून कुजबुजली, "तुम्ही जिथे बसलाय ती."

आजींनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. वर झाखारी आजोबा उठले. मला वाटलं, आता म्हणणार, दगड टोचतात. त्यांनी टोपी काढली आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. ताईला कळेना कुठे बघावं. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "पॉलिश कर रे यांना." तिचे गाल लालभडक झाले होते.

दुपारी खाली कापाना आळीत निरोपाचं जेवण होतं. चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा आणि कोळशावर भाजलेलं मांस. ताईला बोलायची बंदी होती, म्हणून प्रत्येकजण तिच्यासाठी बोलत होता. झाखारी आजोबांनी घरून आणलेली राकिया, म्हणजे द्राक्षाची कडक दारू, मध घालून गरम करून तिच्यासमोर ठेवली. "पी. याने घसा सुधारतो, नाहीतर निदान घशाची आठवण राहत नाही."

"आणि आमची सहल कशी झाली, आजोबा?" मी विचारलं.

"ठीक," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "घोड्यांचं नीट कळलं नाही."

स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत वार्वारा आजी ताईचा हात सोडत नव्हत्या. ताईने खिडकीबाहेरून काहीतरी म्हटलं. एवढ्या गोंगाटातही ते आतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं असणार, कारण सगळे एकदम हसले. मी काय म्हणालीस असं विचारलं तर म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हतं."

आवाज पंधरवड्यात परत आला. चेरीवालीला आधी कळलं. पण नाट्यगृहात ताई आता कधीच मोठ्याने बोलत नाही. मंडळींना पायऱ्यांवर बसवते, गप्प करते आणि कुजबुजते.

त्याच शरद ऋतूत ताराक्लियाहून द्राक्षतोडणीचं आमंत्रण आलं. मीच तिला घेऊन गेलो. वेशीवर झाखारी आजोबा काठीला लाल रुमाल बांधून उभे होते. "मंडळी, काठीकडे लक्ष ठेवा, मागे रेंगाळू नका," ते ओरडले. मंडळी म्हणजे आम्ही दोघंच. दिवसभर त्यांनी आम्हाला गावातली एकूण एक विहीर दाखवली. प्रत्येक विहिरीपाशी ताई त्यांच्याकडे बघून म्हणायची, "थंडी फार," आणि आजोबा आनंदाने पुढच्या विहिरीकडे निघायचे.